कानकोरण्याचं वय

माझ्याकडे लोक वय विचारायला येतात. माझं नाही हो, सोन्याचं. भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत लेकाच्या क्वार्टरमध्ये मी राहते, आणि दुपारचा चहा गॅसवर चढायच्या आत दार वाजतं. कोणाच्या हातात आजेसासूची तपकिरीची सोन्याची डबी असते, कोणाकडे आजोबांच्या सदऱ्याची बटनं, साखळीसकट. हल्ली तर बाया मोबाइलवर फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, ‘काकू, किती जुनं असेल?’ फोटो पाहून वय सांगायला मी काय ज्योतिषी आहे? आणा म्हणते, हातात द्या, उन्हात धरू द्या. मग भिंग लावून पाहते आणि जे दिसेल ते सांगते. बहुतेक वेळा बरोबर निघतं. चंद्रपूरचे दोन सराफसुद्धा अडलं की माणूस पाठवतात, तेवढा मान आहे. एकच वस्तू मी न पाहता परत करते. कानकोरणं कोणी आणलं की मी म्हणते, मला त्यातलं कळत नाही. सून आतून ऐकते आणि नंतर विचारते, ‘आई, काऊन खोटं बोलता?’ मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेते. आता सत्तरीच्या घरात आले, किती दिवस मारून नेणार?

कानकोरणं म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावं लागेल. बोटभर लांबीची सोन्याची काडी, टोकाला मसुराच्या दाण्याएवढी वाटी, कान कोरायला. तिच्याच जोडीला दुसरी काडी, टोकदार, दात कोरायला. दोन्ही काड्यांच्या डोक्याला भोक, आणि भोकांतून एक कडी ओवलेली. जुने हौशी लोक ही जोडी जानव्याला, किल्ल्यांच्या जुडग्याला, नाहीतर गळ्यातल्या साखळीला अडकवून फिरत. ऐकायला हसू येतं. मलाही यायचं. बाबा म्हणायचे, पैसा जास्त झाला की माणूस कानातला मळसुद्धा सोन्यानं काढतो.

आमचं गाव आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, सागाच्या जंगलातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांची नातवंडं अजून तिथंच नांदताहेत. आमच्या घरात पुढं सोनाराचं दुकान, मधे देव आणि तांदळाच्या कोठ्या, मागं चूल आणि विहीर. सकाळी जाग यायची ती आरा मशीनच्या आवाजानं. सागाचे ओंडके चिरताना ती अशी किंचाळायची की नवा पाहुणा दचकून उठून बसायचा, आणि आम्हाला मात्र ती बंद पडली की चुकल्यासारखं व्हायचं. तो आवाज थांबला की मग बाबांची हातोडी ऐकू यायची, आणि मधेमधे फुंकणीचा लांब श्वास. उन्हाळ्यात सकाळी आंबील, दुपारी भात आणि लाखोळीची डाळ, सोबत जवसाची चटणी. पावसाळ्यात बाजारात वास्ते यायचे, बांबूचे कोवळे कोंब. आई ते दोन पाण्यांत उकळायची आणि घरभर आंबूस वास सुटायचा. बाबा त्या वासाला नावं ठेवत जेवायला बसत आणि तिसऱ्यांदा भाजी मागून घेत. आई वाढता वाढता म्हणायची, ‘वास येते ना? मंग काऊन मांगता?’ ते ताट पुढं करत.

मला भाऊ नव्हता. दोन बहिणी लग्न होऊन गेल्या होत्या, मी धाकटी, मॅट्रिक होऊन घरी बसलेली. बाबांनी मला दुकानाच्या गादीवर बसवायला सुरुवात केली तेव्हा मामा मूल गावाहून येऊन भांडून गेला. पोरीच्या जातीनं तराजू धरला तर तिला कोण करून नेईल, असं त्याचं म्हणणं. बाबा त्याला म्हणाले, ‘हात तिचा हाय, नजर तिची हाय, तुह्या पोटात काऊन दुखून राह्यलं?’ तेवढ्यावर मामा निघून गेला, पण आईच्या मनात ते राहिलं. एखादी चूक झाली, एखादं गिऱ्हाईक बोंबलत आलं, की मला गादीवरून उठवून चुलीपुढं बसवायचं हे ठरलेलंच होतं. मला ते माहीत होतं, आणि ती गादी मला सोडायची नव्हती. खरं सांगायचं तर जगात दुसरं काहीही मला तेव्हा इतकं हवं नव्हतं.

बाबांची शिकवण साधी होती. कसोटीच्या दगडावर घासलं की सोन्याचा कस कळतो, वय कळत नाही. वयासाठी आधी मळ पाहायचा. पीळ दिलेल्या तारेच्या खाचांत, नक्षीच्या कोपऱ्यांत जो काळा-तपकिरी मळ बसतो, तो चार-दोन वर्षांत बसत नाही. जुना मळ घट्ट असतो, सुईनं टोकरला तर खपली निघते. कोणी मुद्दाम लावलेला मळ बोटाला लागतो. मग डाक पाहायचा, म्हणजे जोड. मग तार: हातानं ओढलेली तार कुठं जाड, कुठं बारीक असते, मशीनची सगळीकडे सारखी. आणि सगळ्यात शेवटी झीज. ‘डोये मीट,’ म्हणायचे आणि तळहातावर वस्तू ठेवायचे. नवी वस्तू बोचते, जुनी बोचत नाही. कुठल्या बाजूनं नाही बोचत, ते सांग. डबी असेल तर कुठल्या अंगठ्यानं उघडली जायची तेही सांग. मी मळात हुशार होते. मळ डोळ्यांना दिसतो, पटकन सांगता येतो, लोक आ करून बघतात. झीज ओळखायला हात थांबवावा लागतो. बाबा म्हणायचे, ‘तुले घाई हाय.’ ते मला तेव्हा कौतुकच वाटायचं.

आणखी एक गोष्ट इथंच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडच्या बाजारात ‘नवं करणं’ म्हणजे उजळणं. दागिना काळवंडला की बाया यायच्या आणि म्हणायच्या, ‘भाऊ, एवढं नवं करून देजा.’ बाबा तो चिंच, मीठ आणि तुरटीच्या पाण्यात उकळायचे, रिठ्यानं घासायचे, की झाला नवा. भांड्याला कल्हई केली तरी नवं केलं, घराच्या भिंती सारवल्या तरी नवं केलं. आमच्या घरात दिवसातून दहा वेळा कानावर पडणारा शब्द. त्यात काही कळायचं-समजायचं आहे असं कोणाच्या डोक्यातही येत नसे.

त्या वैशाखात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. ते चंद्रपूरला दवाखान्यात गेले, आठ-दहा दिवस लागणार होते. जाताना आईला म्हणाले, ‘शेगडी पेटवू देऊ नको, पण गादीवर बसू दे. घ्याचं, लिहून ठेवाचं, मी आल्यावर करीन.’ मी किती फुगले असेन ते विचारू नका. सकाळी आंघोळ करून, वेणी घालून, चुलीकडे न बघता थेट गादीवर.

चौथ्या दिवशी जुरूबाई आली. ती आमच्यापासून दोन कोसांवरच्या जंगलातल्या गावची, माडिया. चाळिशीची असेल, उंच, काटक. आठवड्यातले चार दिवस आमच्या गावातल्या लाकडाच्या ठेकेदाराच्या घरी भांडी आणि झाडलोट करायची आणि उरलेल्या दिवसांत मोहफुलं, चारोळीची चारं, हंगाम असेल ते वेचायची. मराठी बोलायची, पण एकेक शब्द तोलून. आमच्या आईशी तिचं बरं जमायचं. आई तिला कधी मीठ बांधून द्यायची, ती आईला चारोळी आणून द्यायची. ती ओट्यावर बसली, गळ्यातल्या मण्यांच्या माळेला हात घालून तिनं पदराखालून एक जोडी काढली. कानकोरणं आणि दातकोरणं, सोन्याचं. कडी तुटली होती, दोऱ्यानं बांधली होती. ‘पोरीचं लगन हाय,’ म्हणाली. ‘हे तिले देयाचं हाय. कडी जोडून दे, बाई.’ मी विचारलं कुठून आलं. तिनं सांगितलं, आजीचं. आजीचा नवरा जुन्या जमीनदाराच्या शिकारीत पुढं चालायचा, जमीनदारानं खूश होऊन गळ्यातून काढून दिलं. आजीनं आईला दिलं, आईनं तिला. त्यांच्या घरात सोन्याची तेवढी एकच वस्तू होती, आणि ती लेकीकडून लेकीकडे जायची.

मी जोडी तराजूच्या पारड्यात ठेवली आणि तेवढ्यात ठेकेदारीणबाई पायऱ्या चढून वर आल्या. लाकडाच्या ठेकेदाराची बायको. ते नवरा-बायको पुण्याकडचे, आमच्या गावात येऊन चार वर्षं झाली होती. बाई वाईट नव्हत्या. मला वाचायला मासिकं द्यायच्या, आणि माझी नजर पाहून एकदा त्यांनी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, ‘ही मुलगी शहरात असती तर मोठी पारखी झाली असती.’ ते वाक्य मी सहा महिने उशाशी घेऊन झोपत होते. त्यांची नजर पारड्यात गेली आणि चेहराच बदलला. ‘हे आमचं आहे,’ त्या म्हणाल्या. पंधरा दिवसांपासून त्यांच्या घरातलं कानकोरणं हरवलं होतं. लग्नात त्यांच्या वडिलांनी जावयाला करून दिलेलं, अगदी असंच, दोन काड्या आणि कडी. जुरूबाईनं मान हलवली. ‘नाई. माह्या आजीचं हाय.’

बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. ‘तूच सांग. आमचं आठ वर्षांचं आहे. हे आजीचं असेल तर शंभर वर्षांचं असायला हवं. तुला कळतं ना?’ कळतं तर काय, मला कळायलाच हवं होतं. मी भिंग घेतलं. दातकोरण्याच्या दांडीला पीळ होता आणि पिळाच्या खाचा लख्ख होत्या. वाटीच्या मागं, कडीच्या भोकापाशी, कुठंही मळाचा कण नाही. एवढी चमक, एवढी स्वच्छ खाच मी जुन्या वस्तूत कधी पाहिली नव्हती. मी वर पाहिलं आणि म्हणाले, ‘नवं आहे. दहा वर्षांच्या आतलं.’ हे मी लबाडीनं म्हटलं नाही. मला तेव्हा तसंच दिसलं. आजही स्वतःच्या बाजूनं एवढंच मला म्हणता येतं.

तासाभरात पोलीस चौकीतून बोलावणं आलं. आईनं माझ्यासोबत यायला पदर खोचला, पण शेजारची म्हातारी तापानं फणफणत होती, तिच्यापाशी कोणी नव्हतं, मग मी एकटीच गेले. खोलीत आम्ही पाचच जण. जमादार, तो साताऱ्याकडचा, दोन महिन्यांपूर्वी बदलून आलेला, ठेकेदार आणि त्यांची बायको खुर्च्यांवर, जुरूबाई भिंतीशी जमिनीवर, आणि मी. जमादारानं जुरूबाईला विचारलं, वस्तू कोणाची. तिनं तेच सांगितलं. तो म्हणाला, मग ही सोनाराची मुलगी नवं म्हणते ते कसं? जुरूबाई माझ्याकडे वळली, अगदी सरळपणे, जणू मी विसरलेली एखादी गोष्ट ती आठवून देते आहे. ‘चमकून राह्यलं म्हणून? मांगच्या हिवाळ्यात तुह्या बाबानंच नवं केलं, बाई.’

‘ऐकलंत?’ ठेकेदार म्हणाले. ‘गेल्या हिवाळ्यात नवं केलं. आणि मघाशी आजीचं.’ जमादार कागदावर लिहू लागला. लिहिताना मोठ्यानं म्हणत होता, ‘सदर वस्तू मागील हिवाळ्यात नवीन बनवून घेतल्याचे स्वतः कबूल करते.’ जुरूबाईला त्या लांबलचक वाक्यातलं किती कळलं देव जाणे. ती ‘हो, नवं केलं’ म्हणत मान हलवत होती, तिला वाटलं आता सगळं निस्तरलं.

त्या खोलीत ‘नवं करणं’ या शब्दाचा अर्थ दोघींनाच ठाऊक होता. जुरूबाईला आणि मला. मागच्या हिवाळ्यात मी मामाकडे मूलला होते, मामीचं बाळंतपण होतं. त्या दिवसांत बाबांनी ते चिंचेत उकळलं असणार, म्हणून मळ नव्हता. जमादारानं जोडी माझ्या पुढ्यात सरकवली, ‘नीट बघून घे आणि सही कर.’ मी ती उचलली, भिंगाशिवाय. काड्यांच्या डोक्याची भोकं गोल नव्हती. खाली ओढली जाऊन लांबट झाली होती, गव्हाच्या दाण्यासारखी. कडीत लटकून, चालताना हलून हलून, तीन बायांच्या गळ्यात पिढ्यानपिढ्या घासून. आठ वर्षं जावयाच्या खिशात राहिलेल्या काडीचं भोक असं होत नाही. वाटीची एक कड कागदासारखी पातळ झाली होती. चिंचेनं मळ जातो, झीज जात नाही. हे सगळं मला दिसलं. एका क्षणात, दिवसाउजेडी, स्पष्ट दिसलं.

‘खात्री आहे ना?’ जमादारानं विचारलं. मी काय विचार करत होते ते मला अजून आठवतं, आणि ते काही मोठं नव्हतं. मी विचार करत होते की बाईंसमोर मघाशी छातीठोकपणे सांगितलं, आता कसं फिरवू. फिरवलं तर उद्या गावभर होईल की सोनाराच्या पोरीला नव्याजुन्यातलं कळत नाही. मामा येईल. आई म्हणेल, ऊठ. ठेकेदारीणबाई माझ्याकडे पाहून हलकंच हसल्या, धीर द्यावा तसं. मी ‘हो’ म्हटलं आणि सही केली. अक्षर चांगलं आलं. ते पाहून जमादार म्हणाला, शिकलेली दिसते.

जुरूबाईला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौकीत बसवून ठेवलं. तिचा नवरा आणि गावचे दोघं-तिघं बाहेर चिंचेखाली बसून होते. मग ठेकेदारांनी मोठ्या मनानं सांगितलं की वस्तू मिळाली, आता बाईला जाऊ द्या, आमची काही तक्रार नाही. सगळ्यांनी त्यांना चांगलं म्हटलं. जुरूबाईचं काम मात्र सुटलं, आणि चोरीचं बोलणं बाजाराच्या दिवशी चार गावांत पोचलं. त्यानंतर पाचव्या दिवशी आईला कळलं की जुरूबाईच्या पोरीची सोयरीक मुलाकडच्यांनी मोडली. आई तांदूळ निवडत होती, सूप बाजूला ठेवून म्हणाली, ‘त्या बाईनं एक दिवस आपलं मीठसुद्धा मोजून वापस केलं होतं गं.’ मी उठून विहिरीवर गेले आणि भरलेली घागर परत विहिरीत ओतून पुन्हा भरली. जेवण जात नव्हतं. आईला वाटलं, बाबांची काळजी लागली असेल. मला तिला सांगायचं होतं, दहा वेळा तोंडाशी आलं. पण गादीवर मी रोज जाऊन बसत होते.

बाबा आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी लावून. आईनं त्यांना पाणी देताना सगळं सांगितलं. त्यांनी पेला खाली ठेवला. ‘कानकोरणं? अवो, थे तं म्या नवं केलं. तिच्या पदरात बांधून म्याच देल्लं.’ मग पट्टीच्या खालून माझ्या दिशेनं पाहिलं. मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते. ‘चाल,’ म्हणाले. काठी घेतली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच पावली ठेकेदाराच्या बंगल्यावर गेले.

ठेकेदारांनी खुर्ची दिली, डोळ्याची चौकशी केली, आणि सांगितलं की तुमच्याच मुलीची सही आहे. बाबांनी कानकोरणं मागितलं. बाईंनी ते किल्ल्यांच्या जुडग्यातून सोडवून दिलं. बाबांना धड दिसत नव्हतं. त्यांनी नखाचा कोपरा भोकात घातला, फिरवला, दुसऱ्या काडीच्या भोकात फिरवला, वाटीची कड ओठावर टेकवली. ‘शंभराच्या पुढचं हाय,’ म्हणाले. ‘भोकं लांबली हाय. तुमी बी नख घालून पाहा.’ ठेकेदार म्हणाले, ‘मग बापाचं खरं की लेकीचं?’ बाबांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही. ‘माह्या पोरीची नजर कच्ची हाय, साहेब. मळ नाई दिसला, तं नवं म्हणून बसली. चूक तिची नाई, शिकवणाऱ्याची हाय.’ आयुष्यात त्यांनी कोणापुढं आपलं कसब कमी करून सांगितलं नव्हतं. मला तिथं बोलायला हवं होतं.

बाईंनी नख घालून पाहिलं की नाही ते मला आठवत नाही. त्या नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या, ‘घेऊन जा. आमचं सापडेल तेव्हा सापडेल.’ ते सापडलं, पावसाळ्यात, ठेकेदारांच्या लग्नातल्या कोटाच्या अस्तरात. त्यानंतर बाई आमच्या दुकानात आल्या नाहीत, आणि दुसऱ्या वर्षी त्यांचा ठेका संपला.

कडी मीच डाकली. बाबांना पट्टीमुळे आच दिसत नव्हती, ते शेजारी बसून नुसतं ऐकत होते. फुंकणीच्या आवाजावरून म्हणायचे, कमी कर, आता थांब. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याची बैलगाडी घेऊन आम्ही निघालो. आईनं नवं लुगडं बांधून दिलं होतं. जुरूबाईचं गाव पंधरा-वीस घरांचं, अंगणं झाडून लख्ख, मांडवावर मोहफुलं वाळत टाकलेली, त्यांचा गोड घमघमाट. ती दारात तेंदूची पानं मोजून पुडे बांधत होती. तिची पोरगी आम्हाला पाहून आत निघून गेली. बाबांनी काठी खाली ठेवून दोन्ही हात जोडले. माझ्या वडिलांना देवाशिवाय कोणापुढं हात जोडताना मी पहिल्यांदा पाहिलं. ‘बाई, माही पोरगी चुकली,’ म्हणाले. ‘तिले समजलं नाई. तुह्या पोरीच्या सासरी मी सोता जातो, समद्यांपुढं सांगतो.’ आणि ते खरंच गेले, दोनदा गेले, पण त्या मुलाचं तोवर दुसरीकडे ठरलं होतं.

जुरूबाईनं कानकोरणं घेतलं. उलटसुलट पाहिलं, कडीवरून बोट फिरवलं आणि माळेत ओवून पदराखाली सारलं. लुगडं घेतलं नाही. तिच्या नवऱ्यानं बाबांना आंब्याच्या सावलीत बाजेवर नेऊन बसवलं. मी दारातच उभी. ‘येर?’ तिनं विचारलं, पाणी हवं का म्हणून, आणि वाट न पाहता वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी आणून दिलं. मी पीत असताना ती माझ्यासमोर उकिडवी बसली. रागानं नाही, एखाद्या पोराला कुठं दुखतं ते विचारावं तशी म्हणाली, ‘बाई, एक इचारू? चौकीत तू हातात घेतलं होतं. मी तुह्याकडे पाहून राह्यली होती. तुले नाई दिसलं, का दिसलं होतं?’

तिथं आणखी कोणी ऐकणारं नव्हतं. ना गादी, ना मामा, ना ठेकेदारीणबाई. मी सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं? फार तर उठून गेली असती. मी म्हणाले, ‘नाई दिसलं.’

ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग तिनं माझ्या हातातला तुंबा घेतला, दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, ‘लहानी हाय तू अजून. शिकशील.’